कांदा न खाणाऱ्या शेठला

शेठ,

प्रदर्शन उरकलं. आपलं कांदा निवडायचं यंत्र काल टेम्पोतून उतरवून मंचरच्या वर्कशॉपात पुन्हा जागेवर ठेवलं. तू असतास तर टेम्पोत माझ्या शेजारी बसून, बसलेल्या घशानं, रस्ताभर पुढच्या वर्षीचे बेत सांगितले असतेस आणि मी झोपेचं सोंग घेतलं असतं. काल ड्रायव्हरनं गाणी लावली होती, ती मी बंद करायला लावली. मग त्या शांततेनंच जीव नकोसा झाला म्हणून परत लावायला सांगितली. तो माझ्याकडे बघत राहिला.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. दुकानात बसला होतास, समोर चहा आला होता, गिऱ्हाइकाला पाइपांतला फरक समजावत होतास आणि मान टाकलीस. मला कळवायला आलेला माणूस म्हणाला, "शेठ बोलता बोलता गेले." दुःख नंतर झालं, आधी मला तुझा राग आला. बोलता बोलता तू जेवायचास, बोलता बोलता स्कूटर चालवायचास आणि ती कुणाच्या ना कुणाच्या बैलगाडीला घासायचास. निदान हे एक काम तरी गप बसून, चार दिवस आधी मला बोलावून, नीट सांगून करायचं होतंस. आजारी पडला असतास तर तुझ्या उशाशी बसून भांडून तरी घेतलं असतं. तू तेवढीही सवड दिली नाहीस.

तुझ्या उठावण्याला, त्या शोकसभेत, मी मागे बसलो होतो. तुमच्या समाजाची माणसं पुण्याहून, थेट राजस्थानातूनही आली होती. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. दानशूर, धर्मपरायण, समाजाचा आधार. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, हे लोक भलत्याच कुणाबद्दल बोलतायत. कुणी सांगितलं नाही की हा माणूस दिवसभर हातात कांदा घेऊन उभा राहायचा. मग तुझ्या थोरल्या भावानं माझ्याकडे बोट केलं. "गौतमभाऊ, तुमी बोला दोन शब्द. तुमी लई वर्सं बरूबर व्हता." मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, दुःखानं शब्द फुटेना. दुःख होतंच रे. पण मला चार माणसांत बोलताच येत नाही, हे तुझ्याशिवाय त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक असणार?

आपली वाटणी पहिल्यापासून तीच होती. यंत्र मी करायचं, तोंड तू चालवायचं.

पिंपळवंडीला एका शेतावर तू पंप पोचवायला गेला होतास आणि तिथे बाया उन्हात बसून कांदा निवडत होत्या. मोठा गोळा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे. जाताना बसलेल्या त्या बाया, तू पंप जोडून, जेवून, झोप काढून परत निघालास तरी तशाच बसलेल्या. तिथून तडक माझ्याकडे आलास. मी एक गेट जोडत होतो. तू म्हणालास, "भाऊ, ह्ये यंत्रानं व्हनार न्हाई का?" ज्यानं जन्मात कांदा तोंडात घातला नाही, ज्याच्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्याला कांदा निवडणाऱ्या बायांच्या पाठी दुखताना दिसल्या. मी मात्र रोज कांदा-भाकरी खाणारा, मला त्या कधी दिसल्या नव्हत्या. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू डोक्यावर बसला असतास.

यंत्र तसं साधंच झालं. सळ्यांचा लांबट पिंजरा, दांडा फिरवला की तो फिरतो. सुरुवातीला सळ्या जवळजवळ, पुढे लांब लांब. कांदा ओतला की बारीक आधी खाली पडतो, मग मधला, आणि मोठा टोकाशी बाहेर येतो. ते घेऊन आपण मंचरच्या मार्केट यार्डातल्या प्रदर्शनात बसलो. तेव्हा प्रदर्शन म्हणजे काय, तर वासे, त्यावर लग्नाच्या मांडवाचं कापड, आणि एक टेबल. फळीवर तू माझं नाव लिहून घेतलंस. मी म्हणालो, तुझं घाल, बाजारात तुला ओळखतात, आणि माझं आडनाव वाचून दोन माणसं पुढे जातील. तू म्हणालास, "जाऊ दे की. ज्याला आडनाव निवडायचंय त्यानं पुढं जावं. आपलं यंत्र कांद्याचं हाय." आणि पेंटरला ब्रश चालू ठेवायला सांगितलंस. त्या दिवशी दोन माणसं खरंच पुढे गेली. तू त्यांनाही हाक मारून बोलावलंस.

आणि मग आपण ती घोडचूक केली, जी आजवर दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. एकच पोतं कांदा नेलेला. तोच ओतायचा, निवडून झाला की तिन्ही ढीग एक करायचे आणि पुन्हा ओतायचा. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कांद्याच्या अंगावर साल उरली नाही. लाल कांद्याची साल ती, सळ्यांवर घासून घासून जाणारच. ढिगात नुसते गुळगुळीत टकले कांदे. पिंपळवंडीचाच एक म्हातारा आला, एक कांदा उचलून फिरवून पाहिला आणि विचारलं, "शेठ, ह्ये यंत्र निवडायचं हाय का सोलायचं?" सगळा मांडव हसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि तू सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होतास. हसून झाल्यावर म्हणालास, "बाबा, आमच्या कांद्यावर जाऊ नका. त्यो कालधरनं चालतोय, दमला बिचारा. उद्या तुमच्या घरचे चार कांदे पिशवीत घिऊन या."

म्हातारा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आला. मी सकाळीच सळ्यांवर रबरी नळी चढवून घेतली होती, त्यामुळे साल टिकली. पण लोक आले ते माझ्या रबरी नळीमुळे नाही. आपल्या घरचा कांदा आपल्या डोळ्यांदेखत निवडला जाताना बघायला आले. तेव्हापासून तो आपला रिवाजच झाला. प्रदर्शनाच्या आधी तू बाजारात, एसटी स्टँडवर, दिसेल त्याला सांगत सुटायचास की येताना घरचा कांदा आण. आणि दांडा तू कधी स्वतः फिरवायचा नाहीस, नवऱ्याच्याही हातात द्यायचा नाहीस. तो बाईच्या हातात द्यायचास. "निवडाय बसती ती, मग फिरवून बी तीच बघंल," म्हणायचास. बाया आधी लाजायच्या, मग एकीनं फिरवला की दुसरी पुढे यायची. नवरा मागे उभा राहून पिशवी धरायचा.

लोक तुझी थट्टा करायचे. "शेठ, येकदा खाऊन तरी बगा." तुझं उत्तर ठरलेलं: "म्या खायला लागलो तर तुमाला कमी पडंल." दिवसभर कांदा हाताळून घरी गेलास की भाभी तुला अंगणातल्या नळावर उभं करायच्या आणि हात-पाय धुतल्याशिवाय आत घ्यायच्या नाहीत. प्रदर्शनाआधी त्यांना भेटायला गेलो तर त्याच नळाकडे बघत बसल्या होत्या. मला बघून नुसतं "बसा" म्हणाल्या. मी बसलो, चहा घेतला, उठलो.

एक गोष्ट तुला विचारायची होती, ती राहून गेली. सुरुवातीची कितीतरी वर्षं तू माझ्या घरी यायचास ते दिवस मावळल्यावर. गप्पा मारायचास, पाणीही न पिता जायचास. दिवस मावळल्यावर तुम्ही काही घेत नाही, हे मला माहीत होतं. घरात कांदा-लसूण असतो, हेही होतंच. तरी मनात एक कुसळ टोचायचं की कारण तेवढंच आहे का. बुद्धाची तसबीर असलेल्या घरात कोण का जेवत नाही, याचे अंदाज बांधायची सवय आम्हाला लहानपणापासून असते. शेवटी शोभा म्हणाली, "तुमी नुसतं मनात ठिऊ नका. म्या बिनकांद्याचं करते. त्यास्नी दुपारच्याला बोलवा." तू आलास. मटकीची आमटी, दोडक्याची भाजी, बाजरीची भाकरी. भरपूर जेवलास, आणखी भाकरी मागून घेतलीस, आणि शोभाला म्हणालास, "वहिनी, एवढी वर्सं बोलावलं न्हाई व्हय?" बस, एवढंच. मग तू अधूनमधून दुपारी यायला लागलास. आधीची वर्षं तू खरोखर बोलावण्याची वाट बघत होतास की तुझ्याही मनात काही अडलं होतं, हे मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. खरं सांगायचा तुला रोगच होता.

त्या रोगावरून तर आपण सगळ्यात जास्त भांडलो. दूरवरून माणूस यायचा, यंत्र घ्यायचं ठरवून यायचा, आणि तू त्याला विचारायचास, रान किती, कांदा किती, घरात माणसं किती. ऐकून घेऊन म्हणायचास, "तुमी नका घिऊ. एवढ्याला परवडत न्हाई." मी मागे पाना हातात घेऊन जळत उभा. तो माणूस गेला की मी तुझ्यावर घसरायचो. तू म्हणायचास, त्याला गावात कुणी विचारलं तर तो आपलं नाव सांगेल. कधी कधी तसं व्हायचंही, तो दुसऱ्या दोघांना पाठवायचा. पण दरवेळी नाही व्हायचं रे. वर्कशॉपातली पोरं बसून राहायची ती मला दिसायची.

पुढे प्रदर्शनंच बदलली. मांडव गेले आणि पांढऱ्या फळ्यांच्या खोल्या आल्या, खाली गालिचा. प्रदर्शन भरवणाऱ्या कंपन्या आल्या. पुढच्या कोपऱ्यातल्या जागा मोठ्यांना आणि आपण मागच्या रांगेत, भेळेच्या गाड्या आणि संडास यांच्या मधे. समोर मोठ्या पडद्यावर ट्रॅक्टर उडायला लागले, मुली गुलाबाची फुलं वाटायला लागल्या, लकी ड्रॉ सुरू झाले. माणसांचा लोंढा वाढला, पण हातात घरच्या कांद्याची पिशवी राहिली नाही. हातात कंपन्यांच्या रंगीत पिशव्या, त्यात दुसऱ्या कंपन्यांचे कागद. माणूस येतो, कागद उचलतो, न वाचता पिशवीत टाकतो, पुढे जातो. मी म्हणायचो, हे शेतकरी आहेत का जत्रेकरू? तू म्हणायचास, जत्रेतही माणसं घोंगडी घेतातच की.

मग एक वर्ष तो निळ्या शर्टवाला आला. सळ्यांवरून हात फिरवला, वाकून खालून बघितलं, मोबाईलमध्ये फोटो काढले, आणि चक्क टेप काढून अंतरं मोजली. मी उठलो तर तू माझा हात धरलास आणि त्याला चहा पाजलास. पुढच्या वर्षी आपलं यंत्र त्याच्या स्टॉलवर उभं, पातळ पत्र्याचं, निम्म्या किमतीत. त्यानं सगळं उचललं, एक रबरी नळी तेवढी गाळली. लोकांनी ते नेलं, कांद्याची साल गेली, व्यापाऱ्यानं भाव पाडला, आणि आता आपल्याही स्टॉलवर येऊन लोक म्हणतात, "ह्ये सालपटं काढनारं यंत्र न्हवं का?" मंचरच्या पहिल्या दिवसांतला तो विनोद असा आपल्याच गळ्यात आला.

मी म्हणालो, पुढच्या खेपेला यंत्राला खालून पत्रा ठोकून न्यायचं. तू म्हणालास, "मंग बघायचं काय लोकांनी, पत्रा? दाखवायला न्यायचं आन् झाकून ठिवायचं व्हय रे?" मी म्हणालो, दाखवलं की चोरतात. तू म्हणालास, न दाखवलं तर घेतं कोण. तू म्हणायचास ते खरं होतं आणि मी म्हणायचो तेही खरं होतं, आणि त्यावर तोडगा तुझ्याकडे नव्हता, माझ्याकडेही नव्हता. अजूनही नाही.

गेल्या वर्षी तर स्टॉलवर यंत्र चालवायलाच बंदी आली. सालपटं उडून शेजारच्यांचा गालिचा खराब होतो, वास येतो. गेटवर पिशव्या तपासायला पहारेकरी. तू काय केलंस, तर जेवणाच्या पिशवीत, खाकऱ्याच्या डब्याखाली, कांदे लपवून आणलेस. तुझ्या कपाळावरचा केशराचा टिळा बघून पहारेकऱ्यानं पिशवी उघडलीच नाही. भाभींना कळलं असतं तर पिशवीसकट तुला गावाबाहेर काढलं असतं. व्यवस्थापनाचा पोरगा दुसऱ्या रांगेत गेला की तू कुणा बाईच्या हातात दांडा द्यायचास, आणि तो परत येताना दिसला की सगळे मिळून यंत्राकडे पाठ करून उभे. मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. या वयात, या केसांनी, आपण चोरून कांदे निवडत होतो.

त्याच रागात मी यंदा तुझ्या दुकानात येऊन सांगितलं की हे शेवटचं. पुढच्या वर्षापासून मी येणार नाही, वर्कशॉपात खिडक्यांच्या जाळ्या करीन, मंचरला रोज नवी बिल्डिंग उठते आहे, जाळ्यांना मरण नाही. तू पाइप मोजत होतास. मान वर न करता म्हणालास, "आरं आदी ह्ये तर हू दे. आल्यावर बोलू." मी तणतणत निघालो. तू मागून काहीतरी ओरडलास, ते मला रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही. परत फिरून विचारावं असं वाटलं नाही, कारण तू रोजच काहीतरी ओरडायचास.

आता गेलो तो यासाठी गेलो की जागा आपल्या नावावर होती आणि तयार यंत्रं वर्कशॉपात उभी होती. ती या खेपेला गेली नाहीत तर जाळ्यांचंच काम, हे मला राग नसतानाही दिसत होतं. तुझा मुलगा म्हणाला, "काका, आता हे प्रदर्शन-बिदर्शन जुनं झालं, आपण वेबसाइट करू." चांगला पोरगा आहे. दुकान नीट चालवेल. मी म्हणालो, करू. पण मला माहीत आहे की घाटाकडच्या मढच्या, आहुप्याच्या वाटेवरच्या बाईला आपलं यंत्र वेबसाइटवर दिसणार नाही.

नारायणगावाबाहेरच्या मैदानात होतं यंदा. मी नियमाप्रमाणे एकही कांदा नेला नाही. यंत्र नुसतं उभं, मी त्याच्या शेजारी उभा. लोक विचारायचे, हे काय आहे. मी सांगायचो, कांदा निवडायचं यंत्र. त्यापुढे मला काही सुचायचं नाही. तुझं सगळं बोलणं मला पाठ आहे शेठ, इतकी वर्षं मागे बसून ऐकलंय. म्हटलं, तेच म्हणू. एक जोडपं येताना दिसलं. मी तुझ्यासारखा पुढे झालो, "या माऊली, दांडा फिरवून बघा." तू म्हणायचास तेव्हा बाई हसायची. माझ्या तोंडून ते पोलिसानं दरडावल्यासारखं निघालं असावं. बाई नवऱ्याच्या मागे गेली. नवरा म्हणाला, "तिकडं निम्म्यात मिळतंय की." तू इथं त्याला बसवून दोन सळ्या दाखवल्या असत्यास, एक उघडी आणि एक रबराची, नखानं खरवडून दाखवलं असतंस. मला ते सगळं आठवलं, पण ती दोघं भेळेकडे पोचल्यावर आठवलं.

असे ते दिवस गेले. शेवटच्या दिवसापर्यंत एकही यंत्र गेलं नाही. शेजारचा ठिबकवाला दयेनं मला चहा आणून द्यायचा आणि तुझी आठवण काढायचा. मी त्याला सांगू शकत नव्हतो की बाबा, आठवण काढू नकोस.

शेवटच्या दिवशी संध्याकाळची वेळ. तुला ठाऊक आहे, ती वेळ आपल्याकडे नेहमी कशी असायची. उन्हं उतरली की गर्दी वाढते आणि नेमकं तेव्हाच तुला दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं असायचं. तू डबा घेऊन पडद्यामागे जायचास आणि तेवढा वेळ स्टॉल माझ्या गळ्यात. कुणी विचारलं की मी म्हणायचो, शेठ जेवायला गेलेत, आत्ता येतील, बसा. इतक्या वर्षांत त्या वेळी मी दुसरं वाक्य बोललेलो नाही.

एक बाई आली. चाळिशीची असेल, नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी. सरळ आपल्याच स्टॉलवर आली, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, शेठ न्हाईत?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवायला गेलेत. आत्ता येतील, बसा."

ती बसली. तुझ्याच खुर्चीवर बसली. मी पुढे होऊन खरं सांगायला हवं होतं, तेव्हाच, लगेच. पण ती पिशवी मांडीवर घेऊन इतकी निवांत बसली होती, एवढं लांबून येऊन बरोबर जागी पोचलेलं माणूस बसतं तशी. मी यंत्र पुसायला लागलो.

तीच मग बोलायला लागली. मढची. घाटाच्या अलीकडची. दोन वर्षांपूर्वी आली होती, यंत्र आवडलं होतं, तर तू म्हणाला होतास, "घरचा कांदा घिऊन ये, बघून सांगतो. न बघता घिऊ नको." गेल्या वर्षी सासू वारली म्हणून जमलं नाही. "यंदा आमच्या बचत गटानं ठरीवलंय, समद्यांनी मिळून येक घ्यायचं. पर आमचा कांदा बारीक, रानं बी बारीक. बाया म्हनत्यात, पैका वाया जायचा. म्या म्हनलं, शेठला इचारते. त्यांनी घ्या म्हनलं तर घ्यायचं, नको म्हनलं तर न्हाई घ्यायचं. त्ये खोटं बोलत न्हाईत."

तिनं पिशवीतून कांदे काढून माझ्या हातात दिले. गेटवरच्या पहारेकऱ्याला तिनं काय सांगितलं कुणास ठाऊक. मी ते हातावर घेतले. बारीक होते. यंत्राचं काही अडत नव्हतं, सळ्या थोड्या जवळ घेतल्या की झालं, ते मी करून दिलं असतं. पण तिनं विचारलेलं ते नव्हतंच. तिला विचारायचं होतं की आमच्यासारख्यांनी घ्यावं का. मी म्हटलं असतं घ्या, तर तिनं घेतलं असतं. आख्ख्या प्रदर्शनातलं एकुलतं एक. वर्कशॉपातल्या पोरांची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं असतं नको, तर तुझ्या तोंडून लागायचं तसं ते तिच्या कानाला गोड लागलं नसतं, तिला वाटलं असतं हा माणूस आपल्याला गरीब समजून हाकलतोय. तू नको म्हणायचास तेव्हा माणसं उपकार झाल्यासारखी उठायची. ते तू कसं करायचास, हे मी कधी नीट बघितलंच नाही. मी आपला मागे बसून जळत होतो.

ती थांबली. सूर्य गेला, दिवे लागले. कर्ण्यावरून प्रदर्शन संपल्याचं सांगायला लागले, शेजारी फळ्या उतरवायला सुरुवात झाली. तिनं दोनदा पडद्याकडे बघितलं. मग उठली. "भाऊ, मढला जानारी शेवटची जीप हाय. आता ऱ्हाता येत न्हाई." कांदे माझ्याच हातात होते, ते तिनं घेतले नाहीत. "ह्ये ठिवा. शेठला दावा. गावात दुकानात फोन हाय, ह्यो नंबर. त्यास्नी म्हनावं, मढची आली व्हती, जेवत व्हते म्हनून गाठ न्हाई पडली. काय त्ये सांगा म्हनावं. आमी वाट बघतो."

मी म्हणालो, "सांगतो."

ती गर्दीतून गेटकडे गेली. मी दोन पावलं तिच्या मागे गेलो आणि थांबलो.

म्हणून सांगतोय, शेठ. मढची आली होती. तिचे कांदे माझ्यासमोर आहेत. बारीक आहेत, पण घट्ट आहेत, साल चांगली आहे. उद्या-परवा मला त्या दुकानात फोन करायला लागेल, तिला बोलावून घेतील, ती धावत येईल आणि पहिलं तुझ्याबद्दल विचारेल. ते मी कसंबसं सांगेन. आणि मग ती विचारेल, घ्यावं का नको.

तिला काय सांगू?